शिलकीचा अर्थ

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या विधिमंडळाची अंदाजपत्रकावरची बैठक भरली, तेव्हा सरकारपक्ष समाधानात होता. संपत आलेल्या वर्षात सात कोटी रुपयांहून अधिक शिल्लक पडली होती, आणि तीही १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ आणि पाठ न सोडणारा प्लेग सोसून. एवढे सोसूनही तिजोरी भरते आहे, त्याअर्थी देशाची प्रकृती मुळात उत्तम आहे, असा या आकड्याचा सरकारी अर्थ होता. मुंबई प्रांतातून नव्यानेच निवडून आलेले पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उठले आणि या अभिनंदनात आपल्याला सामील होता येत नाही, असे त्यांनी आरंभीच सांगितले. ही शिलक लोकांच्या भरभराटीची खूण नाही. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल होत असल्याची ती खूण आहे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी त्यांनी जे आकडे वापरले ते मुख्यतः सरकारच्याच कागदांतले होते आणि समोरच्या अधिकाऱ्यांच्या नित्य पाहण्यातले होते. तरीही भाषण संपल्यावर सात कोटींचा आकडा पूर्वीसारखा वाचता येईना. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आकड्यांवर काम करणारी हजारो माणसे संचालकांपुढे, भागधारकांपुढे, गिऱ्हाइकांपुढे आपले निष्कर्ष मांडत असतात. कमी आकडे दाखवा, मोठे दाखवा, रंगीत आलेख काढा, एवढ्यावर त्यांची शिकवणी बहुधा संपते. १९०२ चे ते भाषण आणि त्यामागची तीस वर्षांची पुणेरी मेहनत पाहिली की वेगळे काही दिसते. ऐकणाऱ्याच्या हातात कोणता निर्णय आहे हे ओळखून, त्याने स्वतः मान्य केलेल्या दोन आकड्यांना शेजारी बसवणे, यातून आकडा स्पष्ट होतो. बाकीचे सारे त्यानंतरचे काम आहे.

सभागृहाची रचना आधी लक्षात घ्यायला हवी. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नाही. ठराव मांडता येत नव्हता, एखादी रक्कम कापता येत नव्हती. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ, इतर खात्यांचे प्रमुख, आणि बिनसरकारी जागांवर जमीनदार व कलकत्त्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सचा प्रतिनिधी, असा हा श्रोतृवर्ग. यांतल्या कोणालाही हिशेब समजावून सांगण्याची गरज नव्हती. आकडे त्यांचेच होते. निष्कर्षही त्यांनी आधीच काढून ठेवला होता. व्यवहारातल्या बहुतेक बैठका अशाच असतात, हे मला महत्त्वाचे वाटते. विक्री किती झाली हे मालकाला ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ती गोष्ट म्हणजे त्या विक्रीचा आपण लावलेला अर्थ दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातल्या आकड्यापुढे टिकत नाही ही. अशा माणसापुढे सोपे करून सांगण्याने काही साधत नाही, उलट त्याला ते अपमानास्पद वाटते. त्याच्याच वहीतली दोन पाने त्याच्यापुढे एकदम उघडावी लागतात.

गोखल्यांनी उघडलेले पहिले पान रुपयाच्या भावाचे होते. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये पेन्शने, कर्जाचे व्याज, लष्करी सामान वगैरेंसाठी मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. या होम चार्जेसचा आकडा शतकाच्या अखेरीस दीड कोटी पौंडांच्या वर गेला होता. महसूल मात्र रुपयांत गोळा होई. चांदी उतरत गेली तसा रुपया उतरला, आणि तेवढ्याच पौंडांसाठी अधिकाधिक रुपये मोजावे लागले. १८९३ मध्ये सरकारने लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले, टांकसाळी खाजगी नाण्यांना मिटल्या. तरी १८९४-९५ मध्ये रुपया तेरा पेन्सांच्या आसपास होता. पुढे नाण्यांची टंचाई जाणवू लागली आणि तीन-चार वर्षांत तो सोळा पेन्सांवर येऊन स्थिरावला. आता हिशेब करून पाहा. तेरा पेन्सांच्या भावाने एका पौंडाला अठरा रुपयांहून अधिक पडतात, सोळाच्या भावाने पंधरा. दर पौंडामागे तीन रुपयांहून जास्त वाचले. दीड कोटी पौंडांवर ही बचत वर्षाला पाच कोटींच्या घरात जाते. सात कोटींच्या शिलकीचा मोठा भाग कुठून आला, हे शोधायला शेतात जावे लागत नाही. तो विनिमयाच्या कोष्टकात सापडतो.

दुसरे पान करांचे. १८८६ मध्ये आयकर आला. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला, रॉकेलवर जकात बसली. १८९४ मध्ये आयात मालावरचे कर परत आले आणि त्यांच्यापाठोपाठ लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या कापडावर अबकारी बसली. हे कर लादताना सरहद्दीवरच्या लष्करी खर्चाबरोबर रुपयाची घसरण हे कारण सरकारने वारंवार पुढे केले होते. आता ही दोन पाने शेजारी ठेवली की प्रश्न आपोआप उभा राहतो: रुपया घसरला म्हणून जे कर वाढवले, ते रुपया सावरल्यावर का उतरले नाहीत? या प्रश्नात एकही नवा आकडा नाही. विनिमयाचा दर अर्थखात्याला पाठ होता, करवाढीच्या तारखा विधिखात्याच्या दप्तरात होत्या. पण एक माहिती एका विवरणपत्रात आणि दुसरी दुसऱ्यात असल्याने दोन्ही एका वाक्यात यायची वेळ आली नव्हती. ती गोखल्यांनी आणली. माझ्या मते भाषणाचे सारे बळ या एका जोडणीत आहे. शिलक म्हणजे भरभराट हे समीकरण त्यांनी खोडून काढले नाही. त्याच्या जागी दुसरे ठेवले, आणि दुसरे पहिल्यापेक्षा जास्त हिशेबी होते.

मग मीठ. कर कमी करा असे नुसते म्हटले तर कोणता, हा प्रश्न येतोच, आणि तिथे श्रोत्यापुढे एकच नेमकी गोष्ट ठेवावी लागते. गोखल्यांनी मिठावर भर दिला तो भावनेपोटी नव्हे. गरिबाच्या ताटात खरोखर काय पडते हे मोजण्याचे साधन सरकारकडे नव्हते. ज्वारी-बाजरीचा खप कोणी मोजत नव्हते. मिठावर मात्र सरकारचा ताबा होता, त्यामुळे किती मण मीठ कर भरून बाहेर पडले याची नोंद बिनचूक होती. लोकसंख्येने भागले की माणशी खप निघतो. हा खप वाढायच्या ऐवजी करवाढीनंतर घटला होता, आणि आरोग्यासाठी माणशी वर्षाला वीस पौंड मीठ लागते या वैद्यकीय मतापेक्षा तो खूप खाली होता. भरभराट होत असलेल्या देशात माणसे मीठ कमी खात नाहीत. वाचकाने स्वतः हिशेब केला तर करही डोळ्यांपुढे उभा राहतो. मण ब्याऐंशी पौंडांचा. पाच माणसांच्या घराने वीस पौंडांच्या हिशेबाने मीठ खायचे ठरवले तर शंभर पौंड लागणार, आणि त्यावर कर तीन रुपयांच्या वर जाणार. कर्झनने १९०१ मध्ये हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न तीस रुपये सांगितले होते. म्हणजे सरकारच्याच आकड्याने, एका माणसाच्या वर्षभराच्या कमाईचा दहावा हिस्सा घरच्या मिठाच्या करात जातो. सरासरी उत्पन्न किती यावर वर्षानुवर्षे वाद घालता येतो; मिठाच्या नोंदीवर वाद घालायला जागा नव्हती, कारण ती नोंद ठेवणारे समोरच बसले होते.

हे सारे एका माणसाच्या बुद्धीतून एका रात्रीत उतरले नाही, आणि इथे सोलापूरच्या एका हेडमास्तराचे नाव घेतलेच पाहिजे. गणेश व्यंकटेश जोशी यांना आज फारसे कोणी ओळखत नाही. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी वेगळे. नामसाधर्म्यामुळे दोघांची गल्लत होते आणि तोटा सोलापूरच्या जोशींचा होतो. सरकारी अहवाल, जमाबंदीची विवरणपत्रे, व्यापाराची कोष्टके यांचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. गोखल्यांच्या १९०२ च्या भाषणाची तयारी त्यांच्या मदतीने झाली, आणि श्रेय आपल्यापेक्षा तुमचे अधिक आहे, अशा आशयाचे गोखल्यांनी त्यांना कळवलेही. त्यांच्याही मागे न्यायमूर्ती रानडे होते, जे या भाषणाच्या वर्षभर आधी, जानेवारी १९०१ मध्ये वारले. पुणे सार्वजनिक सभा १८७० मध्ये निघाली आणि तीनच वर्षांत तिने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीची चौकशी करून अहवाल छापला. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे गावोगावची माहिती जमवत होती, आणि सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि एक आणा इतकी खाली आली तेव्हा सभेने त्या माहितीच्या आधारावर विरोध नोंदवला. दादाभाई नवरोजींनी तर त्याआधीच या पद्धतीचा सर्वांत धारदार नमुना दाखवला होता. माणशी वीस रुपये उत्पन्न हा त्यांचा आकडा प्रसिद्ध आहे, पण तो एकटा काही सांगत नाही. वीस रुपये कमी की पुरेसे, हे इंग्लंडमधल्या माणसाला कसे कळावे? म्हणून दादाभाईंनी त्याच्या शेजारी सरकारी तुरुंगांचा खर्च मांडला. कैद्याला जगवण्यासाठी सरकार नुसत्या अन्नवस्त्रावर जेवढे खर्च करते, तेवढेही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही. तुरुंगाचे आकडे सरकारचे, नाकारणार कोण? रानड्यांच्या हाताखाली गोखले जे शिकले त्याचा गाभा हाच होता.

एक कडू धडाही या शिक्षणात होता. १८९७ मध्ये गोखले डेक्कन सभेच्या वतीने वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या खर्चावरची ती साक्ष आकड्यांनी भरलेली होती आणि उलटतपासणीत ती टिकली. त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या शिपायांच्या अत्याचारांबद्दल जाहीर आरोप केले. परत आल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांकडून पुरावा मिळेना, आणि त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. देशात त्यांची फार निंदा झाली. आरोपात तथ्य होते की नव्हते हा प्रश्न इथे नाही. पुणेकरांनी त्या बंदोबस्तात जे भोगले ते खरे होते. पण एकाच माणसाची एकाच प्रवासातली दोन विधाने पाहिली तर फरक लख्ख दिसतो. एकाचा उगम ऐकणाऱ्याला तपासता येत होता, दुसऱ्याचा येत नव्हता. पुढच्या पंधरा वर्षांतली गोखल्यांची सरकारी आकड्यांवरची पकड आणि विधान करतानाची सावधगिरी यांच्या मुळाशी १८९७ चा हा अनुभव होता, असे मी मानतो.

आता आक्षेप. १९०३ च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि आयकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ मध्ये एक रुपया. हे गोखल्यांच्या भाषणाचे फळ मानावे काय? इतिहासाचा सावध अभ्यासक म्हणेल, नाही. शिलक सतत पडत होती, तेव्हा आज ना उद्या कर उतरणारच होते. शिवाय करसवलत जाहीर करायची इच्छा स्वतः कर्झनचीच होती: जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबारात ती घोषणा करायचे त्याच्या मनात होते आणि लंडनच्या सरकारने ते होऊ दिले नाही. आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य केल्याने माझे म्हणणे पडत नाही. पडलेल्या शिलकीला अनेक वाटा असतात. लष्कर वाढवता येते, रेल्वे वाढवता येते, कर्ज फेडता येते, आणि या तिन्ही वाटांना सरकारात वजनदार वकील होते. मीठ खाणाऱ्याचा वकील कोणी नव्हता. ही रक्कम मुळात रयतेकडून जास्तीची घेतलेली आहे असे हिशेबाने दाखवल्यावर ती परत करणे ही मेहेरबानी राहत नाही, देणे ठरते. निर्णय एका भाषणाने झाला नाही, पण तो कशाबद्दल आहे हे त्या भाषणाने ठरवले. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, आणि गोखल्यांनी पुढच्या भाषणांत ती वाढही पुरावा म्हणून मांडली.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. दोन आकडे शेजारी ठेवायचे ते कोणी निवडायचे? निवडणाऱ्याच्या मनात आधीच निष्कर्ष असेल तर हीच पद्धत फसवणुकीला उपयोगी पडते. उत्पन्नाच्या वादात हे घडलेच. दादाभाईंचे वीस रुपये, १८८२ मधले सरकारी अधिकारी बेअरिंग-बार्बर यांचे सत्तावीस, कर्झनचे तीस. सत्तावीसाचे तीस झाले म्हणजे वीस वर्षांत प्रगती झाली, असे कर्झन म्हणाला. पण दोन्ही अंदाज वेगवेगळ्या गृहीतांवर उभे होते आणि मधल्या काळात भाव बदलले होते. शेजारी ठेवलेले आकडे जुळे भासले तरी एका मापाने मोजलेले नसतात. गोखल्यांची बाजूही एकांगी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ते वकिली करत होते. फरक आहे तो पडताळणीच्या सोयीत. विनिमयाचा दर आणि होम चार्जेस यांचा गुणाकार कोणालाही करून पाहता येतो. मिठाचे मण आणि शिरगणतीची माणसे यांचा भागाकारही तसाच. सरासरी उत्पन्नाचा आकडा मात्र ज्याने काढला त्याच्या शब्दावर घ्यावा लागतो. ऐकणाऱ्याला बसल्या जागी ताडून पाहता येईल अशी तुलना निवडणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे, आणि गोखल्यांनी तो पाळला. आजच्या सादरीकरणात सतरा गृहीतांच्या पोटातून निघालेला एकच ठसठशीत आकडा पडद्यावर झळकतो, तेव्हा तो कर्झनच्या तीस रुपयांच्या जातीचा असतो.

आणि या सगळ्याला एक मर्यादा आहे, तीही गोखल्यांच्याच चरित्रात दिसते. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. तयारी तितकीच कसून होती. इंग्लंड, अमेरिका, जपान यांच्याशी तुलना, बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ पासून राज्यभर लागू केलेल्या सक्तीचा दाखला, लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहूनही कमी मुले शाळेत असल्याची सरकारी आकडेवारी, खर्चाचा अंदाज, सारे काही होते. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. मांडणीत काही उणे होते म्हणून नव्हे. मिठाचा कर उतरवण्यात सरकारला फक्त पैसा सोडायचा होता. शिक्षण सक्तीचे करण्यात सत्तेची घडी बदलण्याची भीती होती, आणि सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी जमीनदारही त्या भीतीत सामील होते. आकडे कितीही स्वच्छ मांडले तरी समोरच्याला जो निर्णय नकोच आहे तो त्यांच्याकडून घडत नाही. जे आकडे मांडतात त्यांच्यावर अशा अपयशाचे खापर फोडण्याची रीत कंपन्यांत आहे, ती अन्यायाची आहे.

गोखल्यांची अंदाजपत्रकावरची भाषणे छापील मिळतात. जोशींचे लेख आणि भाषणे ते वारल्यावर १९१२ मध्ये पुण्यात ग्रंथरूपाने निघाली. जुन्या ग्रंथालयांत शोधली तर सापडतात. आकडे मांडणे हा ज्यांचा रोजचा धंदा आहे त्यांनी १९०२ चे भाषण हिशेबाची वही शेजारी घेऊन, एकेक गुणाकार करत वाचावे, आणि ते झाले की लगेच १९१२ चे शिक्षण विधेयकावरचे वाचावे.